गाडीच्या लेदर सीट घरी बदलताय? आधी सीटच्या आत काय दडलंय ते बघा

कोल्हापूरच्या माणसाला चामड्याबद्दल दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, असा आपला एक गोड समज असतो. त्यामुळे गाडीची लेदर सीट फाटली की डोक्यात पहिला हिशेब हाच येतो: चामडं गावातच मिळतंय, यूट्यूबवर व्हिडिओ ढीगभर आहेत, दोन रविवारांत काम फत्ते. आमच्या पप्पांच्या सेकंडहँड सेडानची ड्रायव्हर सीट दरवाज्याच्या बाजूने फाटली आणि शेजारच्या सीटला तडे गेले, तेव्हा मीही हाच हिशेब मांडून बसलो होतो. पण मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. कुठलीही गोष्ट उघडायच्या आधी तिचं मॅन्युअल वाचायची खोड आहे. ते वाचलं आणि कळलं की शिवण हा या कामातला सोपा भाग आहे.

काम घरी होतं, पण सगळं नाही. कुठवर स्वतः करायचं आणि कुठे हात आवरायचा, हे आज सविस्तर बघू.

तुमची ‘लेदर’ सीट खरंच लेदर आहे का?

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत लेदर म्हणून जे मिळतं ते लेदरेट असतं. म्हणजे कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर, आपल्या भाषेत रेक्झीन. त्यातही दोन जाती आहेत, पीव्हीसी आणि पीयू. आणि ज्या गाडीत खरं चामडं असतं, तिथेही अनेकदा बसायचा आणि टेकायचा भागच चामड्याचा असतो, बाजू आणि मागची पाठ रेक्झीनची.

ओळखायचं कसं? वासावर जाऊ नका, वास बाटलीतूनही मारता येतो. सीटखाली हात घालून कव्हरची मोकळी कड शोधा आणि उलटी बाजू बघा. मोबाईलचा टॉर्च आणि कॅमेऱ्याचा झूम एवढं पुरेसं आहे. मागे विणलेलं कापड दिसलं तर रेक्झीन. मखमलीसारखे बारीक, कसेही गुंतलेले तंतू दिसले तर चामडं.

हे कळणं महत्त्वाचं, कारण तिन्हींचं मरण वेगवेगळं आहे. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. उन्हात गाडी तापली की तो हळूहळू बाहेर पडतो (काचेवर आतून जो तेलकट थर बसतो ना, त्यात याचाही वाटा असतो) आणि सीट कडक होऊन तडकते. पीयूचा वैरी ओलावा. पाण्याच्या वाफेने त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि मग पापुद्रे सुटायला लागतात. कोल्हापूरचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. पापुद्रे सुटलेल्या पीयूवर कुठलंही क्रीम, कुठलाही रंग टिकत नाही. ते बदलायचंच.

खऱ्या चामड्याचं दुखणं वेगळं. गाडीतल्या चामड्यावर कारखान्यातच रंगाचा आणि वर पारदर्शक पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. आपण चढता-उतरताना दरवाज्याकडच्या फुगीर कडेवर घासत जातो, आधी हा लेप झिजतो आणि मग खालचं चामडं उघडं पडतं. फक्त लेप गेला असेल तर सीट खोलायची गरजच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकंच घासा, भेगांत लवचीक फिलर भरा, मग पाण्यात मिसळणाऱ्या लेदर रंगाचे स्पंजने पातळ हात द्या आणि शेवटी टॉपकोट. एक जाड हात देण्यापेक्षा पाच पातळ हात बरे. यात इलेक्ट्रॉनिक्सचा काही संबंध येत नाही, बिनधास्त करा. शिवण उसवली असेल किंवा आतला फोम दिसत असेल, तर मात्र कव्हर काढावं लागतं. खरी भानगड तिथून सुरू होते.

चप्पलचं चामडं चालेल का?

हा प्रश्न मला निदान चार मित्रांनी विचारला, म्हणून स्वतंत्र उत्तर देतो. नाही चालत. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या टॅनिनने कमावतात. २०१९ मध्ये या चपलेला जीआय मानांकन मिळालं, आणि जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोनंतर काय गदारोळ झाला तो आपण सगळ्यांनी रील्सवर पाहिला. त्या चामड्याची थोरवी आहेच. पण ते जाड आणि ताठ असतं, घाम आणि पाणी पितं, उन्हाने काळवंडतं. पायात ते पायाचा आकार घेतं, हाच त्याचा गुण. सीटवर मात्र असं चामडं वळणांवर बसत नाही आणि रंग कपड्याला लागायची भीती.

गाडीच्या सीटला साधारण १ ते १.४ मिलिमीटर जाडीचं, बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ चामडं लागतं, वर लेप दिलेलं. ते चौरस फुटावर विकलं जातं. एकाच कातड्यात पाठीकडचा भाग घट्ट असतो आणि पोटाकडचा सैल, ताणला जाणारा. बसायचा भाग पोटाकडून कापला तर काही महिन्यांत तिथे पोक येतो. विकत घेताना कातडं पूर्ण उलगडून बघा. आणि रेक्झीन घेणार असाल तर ते गाडीसाठीचंच घ्या, सोफ्याचं नको. गाडीच्या आतल्या कापडाला आग किती वेगाने पसरू शकते याची मर्यादा असते, भारतात त्यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. सोफ्याच्या रेक्झीनची ती चाचणी झालेली असेलच असं नाही.

सीट म्हणजे कपडा नाही

आता मुख्य मुद्दा. तुमच्या सीटच्या पाठीला, दरवाज्याकडच्या बाजूला, ‘एसआरएस एअरबॅग’ लिहिलेला छोटा टॅग आहे का बघा. असेल तर त्या शिवणीच्या मागे साइड एअरबॅग घडी करून ठेवलेली आहे. पूर्वी हे महागड्या गाड्यांतच असायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं, त्याच महिन्यात ह्युंदाईने सगळ्या गाड्यांत सहा एअरबॅग देणार असं जाहीर केलं, आणि मे २०२४ च्या स्विफ्टमध्येही सहा आल्या. सहापैकी दोन साधारणपणे पुढच्या सीटमध्येच असतात.

बाजूने धडक बसते तेव्हा दरवाजा आणि तुमच्या बरगड्या यांच्यात वीतभर जागा असते. म्हणून ही एअरबॅग साधारण १० ते २० मिलिसेकंदांत फुगावी लागते. ६० हर्ट्झच्या मोबाईल स्क्रीनवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते. म्हणजे रील स्क्रोल करताना एक फ्रेम बदलेपर्यंत पिशवी कव्हर फाडून बाहेर आलेली असते. ती कव्हर कुठे फाडणार हे कंपनीने आधीच ठरवलेलं असतं. त्या एका शिवणीला मुद्दाम ठरावीक ताकदीचा, कमजोर दोरा असतो आणि टाक्यांची संख्याही ठरलेली असते. तिथे तुम्ही ‘मजबूत काम’ म्हणून जाड नायलॉनचा दोरा मारला, की पिशवी उशिरा फुटते किंवा भलत्या बाजूने. बाहेरून सीट एकदम भारी दिसते आणि गडबड कळते ती थेट अपघाताच्या वेळी. वरून चढवायच्या तयार सीट कव्हरनाही हेच लागू आहे. टॅग झाकणारं कव्हर घेऊच नका.

उद्यमनगरातल्या एका कुशनवाल्या काकांना मी पाठ शिवणार का विचारलं. ते म्हणाले, “बसायची गादी दे, उद्या शिवून देतो. पाठीला हात लावत नाही बघ, त्यात बाँब हाय.” तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर. एअरबॅग पेटवणारा स्क्विब हा छोटासा स्फोटकच असतो.

त्याला जाणारी वायर सीटखाली पिवळ्या कनेक्टरमध्ये येते. हा कनेक्टर सुटला की आतली एक पट्टी दोन्ही पिना एकमेकांना जोडते, म्हणजे स्थिर विजेच्या ठिणगीने स्क्विब उडू नये. म्हणूनच त्या पिनांना मल्टीमीटर लावून ‘चेक’ करायचं नाही. मीटर स्वतः करंट सोडतं.

दुसरी गोष्ट शेजारच्या सीटमध्ये असते. पुढच्या सीटवर दप्तर ठेवलं की गाडी बीप बीप करते ना? कव्हरच्या खाली दाबाने चालणारी पातळ सेन्सर फिल्म असते. १ जुलै २०१९ पासून पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण देणं सक्तीचं झालं, त्यामुळे अलीकडच्या गाड्यांत ती असतेच. ही फिल्म दुमडली किंवा तिच्यावर फोमचा जास्तीचा थर टाकला, तर रिकाम्या सीटवर बीप वाजत राहतं, नाहीतर माणूस बसूनही वाजत नाही. आमच्या गाडीत त्या सीटवर आई बसते आणि बेल्ट लावायचा कंटाळा करते. त्यामुळे ते बीप आमच्या घरात फार कामाचं आहे.

मग घरी काय केलं

आमच्या पाठीच्या शिवणी धड होत्या, तिथल्या झिजेवर फक्त रंगकाम केलं. कव्हर बदललं ते दोन्ही बसायच्या गाद्यांचं.

इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि दहा मिनिटं थांबलो, कारण एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये कपॅसिटर असतो आणि तार काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. नेमकी वेळ तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मग पिवळा कनेक्टर सोडवला, सीटचे बोल्ट काढले. सीट परत बसून सगळे कनेक्टर लागेपर्यंत इग्निशन चालू करायचं नाही. कंट्रोलर स्क्विबचा रेझिस्टन्स सतत मोजत असतो, तो साधारण २ ओहम असतो. सर्किट तुटलेलं दिसलं की एअरबॅगचा दिवा लागतो आणि कोड साठवला जातो. ब्लूटूथ डोंगल आणि फोनवरचं साधं ओबीडी अॅप बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचतं, एअरबॅगपर्यंत पोचत नाही. मग सर्व्हिस सेंटर आलंच.

कव्हर फोमला तारेच्या छोट्या कड्यांनी, म्हणजे हॉग रिंगने धरलेलं असतं. पक्कडीने एकेक कापत गेलो आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. कुठली तार कुठल्या खाचेत, हे नंतर अजिबात आठवत नाही. जुनं कव्हर उसवण्याआधी प्रत्येक तुकड्याला नंबर दिला आणि जिथे दोन तुकडे जुळतात तिथे पेनाने आडवी खूण केली. उसवलेले तुकडे हेच तुमचे पॅटर्न. जुनं चामडं ताणलेलं असतं, म्हणून डाव्या-उजव्या तुकड्यांची तुलना करून मगच कापायचं.

शिवण मात्र घरच्या मशीनवर होत नाही. मोटार ओढत नाही आणि वरचा थर सरकतो. त्याला वॉकिंग फूटचं मशीन लागतं. कापलेले तुकडे काकांकडे दिले, त्यांनी पॉलिस्टरच्या दोऱ्याने ४ मिलिमीटरच्या टाक्यावर शिवले. सुती दोरा घामाने कुजतो. नवं कव्हर चढवायच्या आधी तासभर उन्हात ठेवा, मऊ पडतं आणि सुरकुत्या न येता बसतं. मधल्या खाचेपासून सुरुवात करायची, कडा शेवटी.

सीट बसवताना बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. रेंच नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासभर मागून आणा. अपघातात सीट जागेवर धरायचं काम त्याच बोल्टांचं. मग कनेक्टर, शेवटी बॅटरी, आणि इग्निशन ऑन. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझला नाही तर गाडी वापरू नका, कनेक्टर नीट बसलाय का ते परत बघा. दिवा विझला की शेजारच्या सीटवर कुणाला तरी बेल्ट न लावता बसवा आणि गल्लीत एक हळू फेरी मारा. बीप वाजलं पाहिजे. तो माणूस उतरल्यावर, रिकाम्या सीटवर, ते बंद झालं पाहिजे.