पुंगळीचा गळा का फाटतो?

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेला एक चमत्कारिक अनुभव येई. पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या न वापरताच तडकत. काडतुसे पुष्कळदा घोड्यांच्या पागांत ठेवलेली असत. विशिष्ट ऋतूत घडणारा प्रकार म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ साली त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातील युरियापासून अमोनिया तयार होतो. दमट हवेत तो पितळेवरच्या ओलीत विरघळतो आणि तांब्यावर क्रिया करतो. परंतु नुसता अमोनिया पुरत नाही; धातूत आधीपासून ताण असावा लागतो.

हा ताण येतो कुठून? पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. त्याची चकती थंड असतानाच साच्यातून ओढून लांबवतात. त्यात धातूचे स्फटिक विस्कटतात, धातू कडक होतो आणि आत ताण उरतो. वर्गात हे सहज दाखवता येते. तांब्याची जाड तार तापवून मऊ करा, मग एकाच जागी वाकवा आणि सरळ करा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती हट्टीपणा करते, पुढे तुटते. तुटण्याआधी ती ज्योतीवर लालसर तापवली तर पुन्हा मऊ होते. पुण्याचे तांबट भांडे ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतात ते याचसाठी. पुस्तकात याला अनुशीतन म्हणतात. (प्रयोग तारेवरच करावा, सापडलेले काडतूस वर्गात आणू नये.)

अमेरिकेत हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरतात. बार उडताना पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच थोडी आक्रसते. नंतर तिला साच्यात दाबून मूळ मापावर आणतात. म्हणजे आपल्या तारेचाच प्रकार! काही फेऱ्यांनंतर गळा कडक होऊन उभा फाटतो. अशी पुंगळी टाकून देतात.

खरा धोका बुडाजवळ असतो. तेथे पुंगळी दर बाराला थोडी ताणली जाऊन आतून पातळ होते. बाहेर कधी उजळ कडे दिसते, कधी काहीच दिसत नाही. म्हणून टोक वाकवलेली बारीक तार आतून बुडाकडून वर ओढतात. ती खाचेत अडली तर पुंगळी बाद. ती तशीच वापरली आणि बूड सुटले, तर तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. स्फोटक टोपी तिच्या खळग्यात सैल बसत असेल, तरी बूड पसरले असे समजावे.

गळा तापवून मऊ करता येतो, बूड मात्र कधीही तापवू नये. सगळा दाब त्याच्या कडकपणावर पेलला जातो. सैनिकी काडतुसांच्या गळ्याशी दिसणारी निळसर-तपकिरी छटा ही कारखान्यातल्या अशाच तापवण्याची खूण असते, गंज नव्हे. उलट लखलखीत पुंगळीवर आमचा भरवसा कमी. पितळ उजळण्याच्या काही द्रावणांत अमोनियाच असतो.