घाटावरच्या माणसाचा समुद्रातला एक दिवस

कोरेगाव तालुक्यातल्या माणसाला पाणी म्हटलं की विहीर आठवते, पाझर तलाव आठवतो, फार तर पावसाळ्यातली भरून वाहणारी वसना नाहीतर तीळगंगा आठवते. आपल्याकडची मुलं पोहायला शिकतात ती पाठीला डबा किंवा भोपळा बांधून, काठावर उभ्या असलेल्या काकाच्या नाहीतर मामाच्या भरवशावर. अशा माणसाला समुद्र म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून पाहायची गोष्ट. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या भागातली माणसं हौसेनं समुद्रात उतरू लागली आहेत. सुटी लागली की गाडी ठरते, कोल्हापूरमार्गे घाट उतरून मंडळी मालवणला पोहोचतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात नळी धरून पाण्यावर पालथी तरंगत असतात. याला स्नॉर्केलिंग म्हणतात.

मी शाळेत भूगोल शिकवला. मालवणला विद्यार्थ्यांना घेऊन गेलो, नंतर घरच्यांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊनही बऱ्याचदा गेलो. त्यामुळे जाण्याआधी लोक मला नाना प्रश्न विचारतात. पोहता येत नसेल तर चालतं का? बोट उलटली तर? खाली दिसतं तरी काय? या प्रश्नांची उत्तरं एकत्र सांगावीत, म्हणून हा विषय घेतला आहे.

आधी होडीविषयी. परदेशातल्या किंवा अंदमानच्या सहलींच्या जाहिरातीत ‘कॅटामरान’ हा शब्द हमखास असतो. हा शब्द मूळचा आपल्या देशातला आहे. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम’ म्हणजे झाड, लाकूड. लाकडाचे ओंडके दोरानं एकत्र बांधून केलेला तराफा तो कट्टुमरम. तमिळनाडूचे कोळी तो पिढ्यान् पिढ्या वापरत आले. युरोपियन दर्यावर्दींनी हा शब्द उचलला आणि पुढे तो पॅसिफिक बेटांवरच्या जोडहोड्यांना लावला. आज कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होड्या समांतर ठेवून वर एकच फळी टाकलेली बोट. अंदमानात श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, तिथून स्वराज द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जाणाऱ्या काही वेगवान बोटी याच घडणीच्या आहेत.

दोन होड्या कशासाठी? आपण पाय जुळवून उभे राहिलो आणि कोणी धक्का दिला, तर तोल जातो. पाय फाकवून उभे राहिलो तर जात नाही. कॅटामरानचं तत्त्व तेच. शिवाय दोन्ही होड्या अरुंद असल्यानं त्या पाणी सहज कापतात, म्हणून वेग चांगला मिळतो. मालवणच्या मच्छीमारांना हे तत्त्व नवं नाही. त्यांच्या छोट्या होडीला एका बाजूला आडव्या दांड्यांच्या टोकाशी एक लांब लाकूड बांधलेलं असतं. त्याला उलांडी म्हणतात. होडी कलू लागली की उलांडी तिला सावरते. मालवणात पर्यटकांना नेतात ती बहुधा इंजिनाची फायबरची होडी. ती साधी असते, एकाच बुडाची. त्यामुळे तिच्यात उभं राहणं, फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला जमणं हे धोक्याचं. सर्वांचं वजन एका अंगाला आलं की होडीचा तोल राखायला काहीच उरत नाही.

मालवण बंदरातून होडी निघाली की समोर सिंधुदुर्ग. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या किल्ल्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. चहूकडे खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आपल्या भागात विहिरीला पाणी लागेल की नाही या काळजीत वर्षं गेलेल्या माणसाला हे पाहून नवल वाटल्याशिवाय राहत नाही. किल्ल्याच्या आसपास खडक पसरलेले आहेत. महाराजांच्या काळी शत्रूच्या गलबतांना हेच खडक अडसर ठरत. आज त्याच खडकांवर प्रवाळ वाढतं आणि तेच पाहायला आपण जातो. हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचं क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे.

आता नळीविषयी. स्नॉर्केल म्हणजे हातभर लांबीची वाकडी नळी. एक टोक तोंडात, दुसरं पाण्याच्या वर. मुलं विचारतात, नळी दहा फूट लांब केली तर खोल जाता येईल ना? येणार नाही. एक मीटर खोलीवर अंगाच्या प्रत्येक चौरस फुटावर पाण्याचा सुमारे ९० किलो जादा भार पडतो. नळीतून येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची असते. एवढ्या भाराखाली छाती फुगवून ती हवा आत ओढणं आपल्या स्नायूंना झेपत नाही. शिवाय नळी लांब असली की आपणच सोडलेली हवा तिच्यात अडकते आणि पुन्हा आत येते. म्हणून नळी आखूडच हवी.

चष्म्याचंही तसंच. पाण्यात उघड्या डोळ्यांनी सगळं धूसर दिसतं, कारण आपला डोळा हवेतून पाहण्यासाठी घडलेला आहे. मुखवट्यामुळे डोळ्यांपुढे हवेचा कप्पा राहतो आणि स्पष्ट दिसतं. मात्र त्यातून वस्तू एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ भासतात. वीतभर मासा बाहेर आल्यावर हातभर होतो, तो याच कारणानं! मुखवट्यात नाकही झाकलेलं असतं, म्हणून श्वास फक्त तोंडानं घ्यायचा. नवख्या माणसाला अडचण येते ती इथेच. उथळ पाण्यात उभं राहून पाच मिनिटं याचा सराव करावा. श्वासाची लय बसली की भीती जाते. मिशी असेल तर मुखवट्यात थोडं पाणी शिरतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेट घालून आणि वाटाड्याचा हात धरून स्नॉर्केलिंग करता येतं. विहिरीतल्यापेक्षा समुद्रात तरंगणं थोडं सोपंही असतं, कारण मिठामुळे ते पाणी दोन-तीन टक्के जड असतं. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही आणि समुद्राचं पाणी क्षणभरही थांबत नाही. चांगले पोहणारेही समुद्रात बुडतात, त्याचं मूळ यात आहे.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयातले १४ विद्यार्थी बुडाले. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या आठ जणांचा जीव गेला. हे सगळे आपल्यासारखेच, समुद्रापासून दूर राहणारे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघे दगावले. या घटना मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. समुद्राचं वेळापत्रक आपल्याला शिकवलं जात नाही, आणि ते शिकणं अवघड नाही, म्हणून सांगतो.

कोकणातली जुनी माणसं भरतीचं गणित तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्यामुळे ओढही जोराची असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. पाणी कमी ढवळतं, तळाची वाळू वर येत नाही आणि खालचं स्वच्छ दिसतं. म्हणून दिनदर्शिकेत सुटीबरोबर तिथीही पाहावी. नेमकी वेळ मात्र तिथल्या होडीवाल्याला विचारूनच पक्की करावी.

दुसरं वाऱ्याचं. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई वारे. ऊन चढलं की समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे सुरू होतात आणि लाटा वाढतात. म्हणून पाण्याखालचं पाहायचं ते सकाळीच.

किनाऱ्यावरून पाण्यात शिरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. लाटांनी किनाऱ्याशी आणलेलं पाणी कुठूनतरी परत जाणारच. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरानं आत ओढलं जातं. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा शांत वाटते आणि माणसं तिथेच उतरतात. त्या ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे पोहू नये, दमछाक होते. तरंगत राहून, किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकावं. पट्टा अरुंद असल्यानं थोड्याच अंतरावर ओढ संपते.

दुपारी अनेक जण तारकर्ली-देवबागला कयाक चालवायला जातात. कयाक ही मूळची बर्फाळ प्रदेशातल्या एस्किमोंची, सीलच्या कातड्याची शिकारीची होडी. आपल्याकडे मिळते ती प्लॅस्टिकची, वर बसून दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं चालवायची. देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. कयाकसाठी खाडीच बरी. भरती चढत असताना तिच्याबरोबर आत जावं, ओहोटी जोर धरायच्या आत परत यावं. ओहोटीत नदीचं आणि भरतीनं आत आलेलं, असं दोन्ही पाणी मुखाकडे धावतं. तेव्हा संगमाकडे एकट्यानं कयाक नेणं म्हणजे उतारावर ब्रेक नसलेली सायकल सोडणं.

आता खाली दिसतं काय, ते सांगतो. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे थव्यानं येतात. खडकावर पिवळट, तपकिरी, कधी हिरवट गोळे आणि पापुद्रे दिसतात, तेच प्रवाळ. ते दगड नाही आणि झाडही नाही. ती इवल्या प्राण्यांची वसाहत आहे. हे प्राणी चुन्याचं घर बांधतात आणि आपल्या शरीरात सूक्ष्म शैवालाला जागा देतात. शैवाल उन्हावर साखर तयार करतं आणि यजमानाला देतं. आपल्या तालुक्याचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. घेवड्याचं रोप उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यातले जिवाणू रोपाला नत्र देतात, रोप त्यांना साखर देतं. तसाच हा व्यवहार, फक्त पाण्याखालचा.

हा व्यवहार मोडतो तो उष्णतेनं. समुद्राचं पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवलं तर ते सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. १९९८ मध्ये लक्षद्वीपचं प्रवाळ असं मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरात चौथ्यांदा असा प्रकोप सुरू असल्याचं जाहीर केलं. प्रवाळात माशांची पिल्लं वाढतात, म्हणजे हा प्रश्न मच्छीमाराच्या ताटाचाही आहे.

मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला. जाळं कुठे टाकायचं हे दुसऱ्यानं ठरवावं, ही गोष्ट त्यांना पटण्यासारखी नव्हती. आज त्यांच्यातलीच अनेक मुलं पर्यटकांना पाण्याखाली नेतात आणि त्यावर घर चालवतात. कुठे प्रवाळ आहे, कुठे ओढ आहे हे त्यांना वडिलांकडून कळलेलं असतं. त्यामुळे मी शेजाऱ्यांना नेहमी सांगतो, वाटाड्या नको म्हणाला तर हुज्जत घालू नका. आपण पैसे देतो ते त्याच्या होकाराचे जितके, तितकेच नकाराचेही.

मोठा प्रश्न आपल्या हातात नसला तरी छोट्या गोष्टी आहेत. प्रवाळावर पाय देऊ नये. एका पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. मासे जमावेत म्हणून पाव टाकायचा आग्रह होडीवाल्याला करू नये. अंगाला मलम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. तुकडा आठवण म्हणून आणू नये. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्रातले हे खेळ बंद असतात, त्या काळात कोणी गुपचूप नेतो म्हणाला तरी जाऊ नये. आणि जॅकेटचे सगळे पट्टे बांधावेत. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं आणि माणूस खाली राहतो.

एवढं सांभाळलं तर ऑक्टोबर ते मार्च या दिवसांत मालवणचा समुद्र घाटावरच्या कुटुंबालाही आपला वाटेल असा आहे. आपल्या मुलांनी तो पडद्यावर पाहण्यापेक्षा एकदा तोंड बुडवून पाहावा. ज्याला पाणी जपायचं वळण लहानपणापासून आहे, त्याला समुद्रातलं हे धनही जपावं असं वाटेल, याची मला खात्री आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)