पुस्तक मिटा आणि सांगा!

मुलांनो, दहा रुपयांची नोट तुम्ही कितीदा तरी हातात घेतली असेल. मग न बघता सांगा पाहू, २०१८ साली निघालेल्या चॉकलेटी नोटेच्या मागच्या बाजूला कशाचं चित्र आहे? अं हं, खिशात हात घालायचा नाही! उत्तर शेवटी देते.

नवा विषय शिकताना अशीच गंमत होते. आठवीत संस्कृत येतं. ‘देव’ शब्दाची रूपं मुलं दहा वेळा वाचतात. ती डोळ्यांच्या ओळखीची होतात आणि वाटतं, आलं की! मग चाचणीत तृतीयेचं एकवचन विचारलं की पेन थांबतं. घरी जाऊन रडवेल्या आवाजात सांगायचं, “संस्कृत माझ्या डोक्यात शिरतच नाही.” अरे, शिरलेलं असतं. ते बाहेर काढायचा सराव नसतो.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि काही वेळानं त्याच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजी. १८८५ साली त्यानं हे छापलं. तासाभरानं निम्म्याहून कमी श्रम वाचत, एका दिवसानं जेमतेम एक तृतीयांश! तेव्हा काल वाचलेलं आज आठवलं नाही म्हणून कुणी ‘ढ’ ठरत नाही, बरं का.

यावर उपाय काय? अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार फेऱ्यांत वाचला. दुसऱ्याने एकच फेरी वाचून पुढच्या तीन फेऱ्यांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानं? वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के! आणि आपल्याला खूप आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

म्हणून धडा आधी समजून घ्या. अडलं तर बाईंना, सरांना विचारा. मग पुस्तक मिटून कच्च्या वहीत आठवेल ते लिहा आणि पुस्तक उघडून ताडून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, चार दिवसांनी पुन्हा. सुरुवातीला फार थोडं आठवतं, कंटाळाही येतो. रंगीत पेनांनी अख्खं पान रंगवणं त्याहून सोपं, पण त्यानं पानच तेवढं छान दिसतं!

पालकांनो, “वाचण्याचा आवाज आला पाहिजे” असं स्वयंपाकघरातून ओरडण्यापेक्षा पाच मिनिटं पुस्तक तुम्ही हातात धरा आणि मुलाला सांगू द्या. चुकलं तर रागावू नका. चुकून मग दुरुस्त केलेलं चांगलं लक्षात राहतं. पूर्वी दिवेलागणीला परवचा म्हणत, तेही पुस्तकाशिवाय आणि रोज. पद्धत उत्तम होती. फक्त मधूनच ‘सतरा सत्ते’ विचारलं की गाडी पुन्हा ‘सतरा एके’पासून सुटायची! तेव्हा प्रश्न उलटसुलट विचारा.

हं, आता काढा खिशातली नोट. मागे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे.