पांढऱ्या पंखांचा कावळा

अण्णांच्या दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवून आम्ही ताटकळत उभे होतो. कावळे भिंतीवर बसलेले, पण शिवायला एकही येईना. "आईला अंतर देणार नाही," असं दादानं हात जोडून सांगितलं, काकांनीही काहीबाही कबूल केलं. अखेर एक उतरला. त्यानं पंख पसरले आणि दोन्हींवर पांढरा पट्टा! कुजबुज सुरू झाली. मला पक्षी बघायची जुनी खोड. माझी नजर त्याच्या डोळ्यांवर गेली. काळेभोर होते.

आधी डोळाच बघायचा. पिसांचा काळा-तपकिरी रंग मेलॅनिनचा. ते बनवायला लागणारं विकर जन्मापासूनच चालत नसेल, तर अंगात मेलॅनिन कुठेच नसतं. आतलं रक्त दिसून डोळेही गुलाबी होतात. हा अल्बिनो. त्याची नजर अधू असते, म्हणून मोठा झालेला अल्बिनो क्वचितच दिसतो. ल्युसिझममध्ये मात्र रंगपेशीच पिसांपर्यंत पोचत नाहीत, कधी सगळ्या अंगभर, कधी काही ठिकाणी. डोळे नेहमीसारखेच राहतात. म्हणजे चार पांढऱ्या पिसांचा पक्षी 'थोडासा अल्बिनो' नसतो.

मेलॅनिन गेलं म्हणून सगळे रंग जात नाहीत. बुलबुलाच्या बुडाचा लाल रंग आणि साळुंकीच्या चोचीचा पिवळा, हे खाण्यातल्या कॅरोटिनॉइडचे. त्यामुळे पांढऱ्याफेक साळुंकीचीही चोच पिवळीच असते. आणि नदीपात्रातून एकदम पांढरं काही उडालं, तर हुरळून जाऊ नका. बसल्यावर मातकट दिसणारा वंचक उडताना असाच पांढरा होतो.

आमच्या कावळ्याचं काय? कावळ्यांच्या पंखांवरचे असे पट्टे पुष्कळदा जन्मजात नसतातच. पीस वाढत असताना आहार निकस असला, तर त्यात रंग नीट भरत नाही. शहरातली पिल्लं पाव-भातावर वाढतात. मेलॅनिन पिसाला बळकटीही देतं. ते नसलं की कडा लवकर झिजतात. त्याच्या पट्ट्याच्या कडा विसविशीत होत्या. बरं खाणं मिळालं, तर पुढच्या वेळी पिसं झडून नवी येतात ती काळी.

घाटावर रोज कुणाचा ना कुणाचा भात असतोच. त्यानंच याचे पंख पांढरे केले असतील का, हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

पुढच्या वर्षी पितृपक्षात गच्चीवर पान ठेवलं. आलेला कावळा नेहमीसारखाच काळा-करडा होता. भाताला त्यानं चोचही लावली नाही; आधी उडदाचा वडा उचलला. अण्णाही तेच करायचे.