पहिला बग

इंजिनिअरिंगचे निकाल लागले की जुलै-ऑगस्टात हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये नवी मुलं रुजू व्हायला लागतात. आमच्या टीममध्ये त्यांना शेजारी बसवून कामाला लावणं हे काही वर्षं माझ्याकडे आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. पहिले काही दिवस लॅपटॉप, पासवर्ड, परवानग्या यांतच जातात. खरी सुरुवात होते ती प्रोजेक्टचा कोड मशीनवर उतरवून घेतल्यावर. हजारो फाइली, त्या लिहिणारे निम्मे लोक नोकरी सोडून गेलेले. कॉलेजात प्रत्येक प्रॅक्टिकल कोऱ्या फाइलीपासून सुरू झालेलं असतं. इथे कोरी फाइल क्वचितच मिळते.

गेल्या वर्षी सोलापूरहून आलेल्या एका मुलीला मी पहिलंच काम दिलं ते एका तक्रारीचं. ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या सिस्टिममध्ये मध्यरात्रीनंतरच्या काही ऑर्डर अहवालात आदल्या दिवशीच्या तारखेला दिसत होत्या. तिने अहवालाची फाइल शोधली आणि तारखेत एक दिवस मिळवून टाकला. तक्रारीतली ऑर्डर बरोबर दिसू लागली. मी एवढंच विचारलं, "मग रात्री नऊची ऑर्डर आता कुठे दिसेल?" ती ऑर्डर आता दुसऱ्या दिवशीच्या तारखेला गेली होती.

मग तिने कोडला हात न लावता स्वतःच चाचणीच्या ऑर्डर टाकायला सुरुवात केली. एक वाजताची चुकते, पाचची चुकते, सहाची बरोबर येते. ती अंतर कमी करत गेली. पाच एकोणतीसची चुकते, साडेपाचची बरोबर! "सर, साडेपाच तास म्हणजे आपल्या वेळेतला फरक ना?" तोच होता. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवलेली होती आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. 1 एप्रिलला रात्री एक वाजताची ऑर्डर यूटीसीत 31 मार्चच्या संध्याकाळी साडेसातची होते. अहवाल त्या वेळेवरून थेट तारीख काढत होता, म्हणजे ती विक्री सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसत होती. हिशेब विभाग एवढा का अस्वस्थ होता, ते तिला तेव्हा कळलं.

आता वेळ भारतीयच का साठवू नये, असं तिला वाटलं. तिला मी गिटमधला जुना इतिहास वाचायला लावला. लिनस टोरवाल्ड्सनी 2005 साली लिनक्सच्या कामासाठी बनवलेलं हे साधन कॉलेजात बहुतेकांनी फक्त प्रोजेक्ट जमा करायला वापरलेलं असतं. कोणती ओळ कुणी, कधी बदलली आणि बदलताना काय नोंद केली, हे त्यात सापडतं. तिथे एक जुनी नोंद होती: ग्राहक परदेशातही आहेत, म्हणून वेळ यूटीसीतच ठेवावी. निर्णय योग्य होता. बदलायची होती फक्त अहवालातली एक ओळ: आधी वेळ भारतीय करायची, मग तारीख काढायची.

त्या ओळीसोबत तिने पाच एकोणतीस आणि साडेपाच या दोन्ही वेळांच्या टेस्ट लिहिल्या आणि बदल रिव्ह्यूला टाकला. त्यावर शेरे आले. व्हेरिएबलचं नाव नीट द्या, हीच चूक मासिक अहवालातही आहे का बघा. तिचा चेहरा उतरला. परीक्षेत शेरा म्हणजे गुण कापले जाणं, हे चार वर्षं मनात मुरलेलं असतं. माझ्याही कोडवर आलेले शेरे मी तिला उघडून दाखवले. मासिक अहवालात तीच चूक निघाली, तीही तिनेच दुरुस्त केली.

कोड लिहून देणारी एआयची साधनं आता सगळ्यांच्या हाताशी आहेत, आणि ती एक ओळ त्यांनी क्षणात लिहून दिली असती. पण त्यांना नेमकं काय विचारायचं, हे पाच एकोणतीसपर्यंत जाणाऱ्याला समजतं. नव्या माणसाने पहिल्या वर्षात हेच शिकायचं असतं, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात अवघड जातं ते मदत मागणं. सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायच्या धास्तीने काही मुलं "सुरू आहे" एवढंच सांगतात आणि दिवसभर एकाच एररपाशी बसून राहतात. मी त्यांना सांगतो: अर्धा तास स्वतः झटा, मग काय काय करून पाहिलं ते सांगून विचारा, मराठीत विचारा.

संगणक शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. शेवटच्या वर्षाला दरवेळी नवा प्रोजेक्ट करायला लावू नका. एखाद्या गटाला मागच्या बॅचचा प्रोजेक्ट द्या, त्यातले बग शोधायला सांगा आणि ते दुरुस्त करण्याला गुण द्या.