गोळी मेंदूच्या दोन्ही बाजूंना, मग एकच हात का थरथरतो?

घरातील ज्येष्ठांना भास वा संशय यांसाठी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारखे औषध सुरू असेल, तर त्यांच्या दोन्ही हातांकडे रोज लक्षपूर्वक पाहावे. मेंदूचा डावा अर्धगोल शरीराच्या उजव्या बाजूचे चलनवलन सांभाळतो, तर उजवा डाव्या बाजूचे. गोळी रक्तावाटे दोन्हींकडे पोहोचते व डोपामिन या रसायनाचे कार्य अडवते. भास ओसरतात, परंतु हालचालीलाही डोपामिन लागतेच. म्हणून चाल मंदावते, अंग ताठरते, हात थरथरतात.

सर्पगंधेच्या इतिहासातही हेच दिसले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला. पुढे तिच्यातील रेसर्पिन मनोविकारांवरही वापरले गेले आणि काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसली. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चल झालेल्या प्राण्यांना लेव्होडोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालू लागले. मेंदूतील डोपामिनचे महत्त्व अशा प्रयोगांतून उलगडले.

मूळचा कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो. औषधाने आलेली ताठरता बहुतेकदा दोन्ही बाजूंना असते. तरीही एका अर्धगोलातील डोपामिन आधीच उणावले असेल, तर त्याच्या विरुद्ध बाजूचा हात आधी थरथरू शकतो. क्वचित धड किनाऱ्यावरील माडासारखे एकीकडे कलते. पिसाच्या मनोऱ्यावरून त्यास ‘पिसा सिंड्रोम’ म्हणतात. ‘वयच झाले’ म्हणून अशा लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या औषधांमुळे पक्षाघाताचा व मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये यांपैकी काही औषधांबाबत मृत्यूच्या धोक्याचा ठळक इशारा दिला. म्हणून ‘मात्रा कमी करता येईल का?’ हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. मात्र गोळी स्वतःहून एकाएकी बंद करू नये.

तोंड अचानक वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, अथवा तीव्र ताप येऊन अंग ताठरले, तर तत्काळ १०८ ला दूरध्वनी करावा. ठसका लागत असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

श्रीवर्धन वा मुरूडहून तज्ज्ञांकडे वारंवार जाणे सोपे नसते. तेव्हा दर आठवड्याला रुग्णाच्या चालण्याचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे, नवी गोळी कधी सुरू झाली ते दिनदर्शिकेवर लिहावे. तज्ज्ञांच्या निर्णयाला या नोंदींचा मोठा आधार होतो.