वहाणेवरची वेणी

साडी घेताना आपण पदर उलगडतो, काठ बोटांनी चाचपतो, उजेडात नेऊन रंग बघतो. चपलेच्या दुकानात मात्र पाय घातला, दोन पावलं टाकली आणि 'किती कमी करणार?' म्हटलं की खरेदी संपली! कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत तर घासाघीस करायलाच हवी, असं पुष्कळजणींना वाटतं. पण त्या किमतीत कुणाचे किती हात असतात? दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला नणंदेकडे गेले होते, तेव्हा एक दिवस राखून आम्ही दोघी मुद्दाम सेनापती कापशीला जाऊन आलो.

कापशी हे कागल तालुक्यातलं गाव. सेनापती संताजी घोरपडे यांच्या घराण्याची ही जहागिरी, म्हणून नावामागे 'सेनापती'. सकाळी घरची पोळीभाजी बांधून घेतली आणि एसटी धरली. कागलच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. सोयाबीन आणि ज्वारीची रानं पाहायची सवय असलेल्या माझ्यासारख्या धाराशिवच्या बाईला ती हिरवळ पाहूनच थंड वाटलं.

कोल्हापुरी हे नाव सगळ्यांना ठाऊक, पण तिच्यात कापशी, पुकारी, बक्कलनाली, कचकडी असे कितीतरी प्रकार आहेत आणि ही नावं मूळ गावांवरून पडली असं सांगतात. म्हणजे कापशीची चप्पल हीच या गावाची ओळख. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिलं आणि कोल्हापुरी वहाण दूरदूर पोहोचली.

आम्ही ज्या घरी गेलो तिथे सोप्यातच काम चाललं होतं. घरातले आजोबा रापीने कातडं कापत होते. तळ, टाच, पट्टा, अंगठा, बाजूचे कान असे एकेक भाग वेगळे. तळाचं कातडं भिजवून, ठोकून घट्ट करतात. मग टाचेचे थर एकावर एक बसवून आरीने भोकं पाडायची आणि चामड्याच्याच वादीने शिवायचं. अस्सल चपलेत खिळा नसतो. कातडं कमावायची जुनी रीतही रसायनांची नव्हे. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात ते मुरवत ठेवायचं. हे काम काही दिवसांत उरकत नाही, आठवडे जातात. आता मात्र बरंचसं कमावलेलं कातडं चेन्नईकडून विकत येतं, असं आजोबा म्हणाले.

माझं लक्ष मात्र आत उंबऱ्याशी बसलेल्या मावशींकडे होतं. चुलीवर भात रटरटत होता आणि त्यांची बोटं कातड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालत होती. आपण मुलीची वेणी घालतो तशीच, फक्त सुतासारखी बारीक. वेणी घालायची, गोंडा बांधायचा, पट्ट्यावर नक्षी शिवायची ही कामं बहुतेक घरांत बायकांचीच. कोल्हापुरी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे पहिल्यांदा येतं, ते तर हेच!

मी विचारलं, ''मावशी, याचे तुम्हाला वेगळे पैसे मिळतात का हो?''

त्या हसल्या. ''वेगळं काय मिळायचं वैनी? घरातलंच काम की हे. सैपाक झाला की बसायचं.''

मुलाचं विचारलं, तर तो कागलच्या एमआयडीसीत जातो म्हणाल्या. सून शिकलेली आहे, तिला आरी धरायची नाही. मावशींच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ''महिन्याला पगार येतोय, मग कशाला बसंल तो हितं?'' एवढंच म्हणाल्या. माझी नणंद हिशेबी बाई. पण आजोबांनी जोडाचे 1800 रुपये सांगितले, तेव्हा वन्संनी मुकाट्याने पर्स उघडली.

हे चित्र आपल्याकडे नवीन नाही. आमच्याकडच्या खेड्यांतही मोटा आणि वहाणा शिवणारी घरं होती. विहिरींवर विजेचे पंप आले, मोटा गेल्या. रबराच्या चपला आल्या, वहाणा गेल्या. या हातांनी केलेल्या वहाणा घालून गाव मिरवलं, पण त्याच हातचं पाणी मात्र गावाने घेतलं नाही, हेही विसरून चालणार नाही. मुलाला या कामात मान दिसला नाही, तर दोष त्याला कसा द्यायचा?

आणि दुसरीकडे बघा! जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या नामांकित कंपनीने फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. इथे ओरड झाल्यावर कंपनीने मूळ भारतीय कारागिरीचं आहे हे मान्य केलं आणि डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. इथल्या कारागिरांकडून करून घ्यायच्या त्या जोडाची किंमत सुमारे 800 युरो सांगण्यात आली. यातलं मावशींच्या वेणीला किती मिळणार, हा प्रश्न आपण बायकांनी तरी विचारायला हवा.

कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा आणि आपल्या शेजारचा सोलापूर जिल्हा येतो, शिवाय कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. या मानांकनामुळे दुसरीकडच्या मालाला 'कोल्हापुरी' म्हणून विकता येत नाही. तरी बाजारात रेक्झिनचा नकली माल भरपूर आहे. तेव्हा घेताना एवढं पाहा:

तळाची कड नीट बघा, चामड्याचे थर वेगवेगळे दिसले पाहिजेत. शिवण वादीची हवी. वास घ्या, चामड्याचा वास लपत नाही. जोड हाताला थोडा जड लागतो.

नवी चप्पल चावते म्हणून कोपऱ्यात टाकू नका. पट्ट्यांना आणि अंगठ्याला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि पहिले काही दिवस घरातच तासभर घालून वावरा. पावसाळ्यात ती बाहेर काढू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा शेगडीजवळ नको, चामडं तडकतं. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, वर्तमानपत्रात गुंडाळा. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्या.

अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जाल, तेव्हा एक दिवस जास्तीचा ठेवा. शहरातल्या चप्पल लाइनमध्ये माल खूप मिळेल, पण जमलं तर कारागिराच्या घरून घ्या. आणि पैसे देताना आत डोकावून वेणी कुणी घातली ते विचारा. शक्य असेल तर पैसे तिच्याच हातात द्या.